गेममधले पाप-पुण्य : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात मी रोल-प्लेइंग गेममधल्या, म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो अशा गेममधल्या, नैतिक निवडींविषयी लिहिले होते. खेळाडूच्या प्रत्येक कृतीला चांगल्या-वाईटाचे गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज पडद्यावर दाखवायची ही पद्धत या गेमनी रूढ केली, आणि त्या बेरजेपायीच निवडीतली नैतिकता हरवते, असे त्या लेखात मांडले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. लांब पत्रांचा आशय थोडक्यात दिला आहे. उत्तरांत काही गेमच्या कथांची वळणे उघड होतात, त्यामुळे फॉलआउट ३, ड्रॅगन एज : ऑरिजिन्स आणि अंडरटेल हे गेम ज्यांचे खेळायचे राहिले आहेत त्यांनी ती उत्तरे तूर्त बाजूला ठेवावीत.

प्रश्न : मास इफेक्टचे तिन्ही भाग नुकतेच संपवले. शेवटी लक्षात आले की मी बहुतेक संवाद नीट वाचलेच नव्हते. संवादाचे पर्याय दाखवणाऱ्या चक्रात वरचा पर्याय दिसला, त्यातही तो निळ्या अक्षरांत असला, की तो निवडायचा आणि पुढे जायचे. माझ्या हातून सगळे चांगलेच घडले, पण मी काही निवडले असे वाटत नाही. दोष माझा की गेमचा?

उत्तर : तुमचा दोष असलाच तर फार थोडा आहे. गेमने प्रश्न विचारण्याआधीच उत्तराला रंग दिला होता. कोणते वाक्य सज्जनाचे आणि कोणते कठोर माणसाचे हे वाचण्याआधीच कळत असेल तर वाचण्याचे कारण उरत नाही. आणि वाचलेच नाही, तर समोरच्या माणसाची अडचण काय आहे, आपण देतो तो शब्द पाळता येणार आहे का, याचा खर्च कुणाला सोसावा लागेल, यांतले काहीच मनात येत नाही. निवडीला लागणारा विचार तिथेच खुंटतो.

खरे तर बायोवेअरने २००७ मध्ये पहिला भाग काढला तेव्हा त्यामागची कल्पना चांगली होती. त्याच कंपनीच्या २००३ च्या नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकमध्ये प्रकाश आणि अंधार यांची एकच पट्टी होती, एका टोकाकडे सरकले की दुसऱ्यापासून तेवढेच लांब जायचे. मास इफेक्टने पॅरागॉन आणि रेनेगेड असे दोन स्वतंत्र हिशेब ठेवले, आणि रेनेगेड म्हणजे दुष्ट नव्हे हेही ठरवले. दोन्ही वाटांनी जाणारा शेपर्ड, म्हणजे खेळाडूचे पात्र, जग वाचवायलाच निघालेला असतो. एक समजूत काढत आणि शब्द पाळत जातो, दुसरा धाक घालत, नियम मोडत, वेळ पडली तर एखाद्याचा बळी देत. ध्येय एकच, पण साधन कोणते चालेल याविषयी मतभेद, हा माणसाला फार जुन्या काळापासून छळणारा प्रश्न आहे, आणि तो गेममध्ये आणण्याचे श्रेय या मालिकेला दिलेच पाहिजे.

घोळ झाला तो त्या हिशेबाला बक्षीस जोडल्यामुळे. २०१० च्या दुसऱ्या भागात मिरांडा आणि जॅक या दोन साथीदारांचे जहाजावर कडाक्याचे भांडण होते. दोघींचीही निष्ठा टिकवायची तर संवादातला निळा (पॅरागॉन) किंवा लाल (रेनेगेड) पर्याय खुला असावा लागतो, आणि तो खुला होण्यासाठी तोवर मिळू शकणाऱ्या त्या रंगाच्या गुणांपैकी मोठा वाटा पदरात असावा लागतो. ज्या खेळाडूने प्रत्येक प्रसंग स्वतंत्रपणे तोलला, कुठे दया दाखवली, कुठे दरडावले, त्याच्याकडे दोन्ही खात्यांत थोडे-थोडे गुण जमतात आणि दोन्ही दारे बंद राहतात. ज्याने विचार केला त्याचेच नुकसान झाले, आणि ज्याने डोळे मिटून एकच रंग धरला त्याला दोन्ही साथीदार मिळाले. २०१२ च्या तिसऱ्या भागात दोन्ही प्रकारच्या गुणांची मिळून एकच प्रतिष्ठा धरली गेली आणि हा अन्याय बराचसा दूर झाला, पण तोवर ‘एक रंग धरा, सोडू नका’ ही सवय खेळाडूंच्या हाडीमाशी खिळली होती.

या मालिकेवर काम केलेल्या एका रचनाकाराने २०२० मध्ये सांगितले होते की सुमारे ९२ टक्के खेळाडू पॅरागॉन वाटेने गेले, आणि रेनेगेडच्या प्रसंगांवरही त्यांच्या चमूने पुष्कळ मेहनत घेतली होती. माणूस मुळात सज्जन असतो याचा पुरावा म्हणून हा आकडा पुढे केला जातो. मला तो तसा वाटत नाही. चांगला पर्याय कुठला हे रंगावरून कळते आणि तो घ्यायला पदरचे काही जात नाही, अशा ठिकाणी बहुतेकांनी तो घेतला यातून माणसाविषयी फारसे काही कळत नाही.

पुन्हा खेळणार असाल तर सुरुवातीला गेम जो एक प्रश्न विचारतो आणि आपण घाईने ओलांडतो, तिथे जरा थांबा. शेपर्डचा पूर्वेतिहास तुम्हालाच ठरवायचा असतो. समजा, आपली सगळी तुकडी डोळ्यांदेखत गमावून एकटाच वाचलेला सैनिक तुम्ही निवडला. हा माणूस दुसऱ्या वेळी सैनिकांना धोक्यात घालेल का? वरिष्ठांच्या आश्वासनावर विश्वास ठेवेल का? एवढे मनाशी पक्के करून मग संवाद वाचा. काही वेळा तुमचा हात लाल अक्षरांकडे जाईल आणि त्याचे कारण तुम्हाला सांगता येईल.

प्रश्न : चांगल्या-वाईटाची ही मोजणी मुळात कोणत्या गेमपासून सुरू झाली?

उत्तर : तिचे मूळ संगणकात नाही, टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये आहे. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत पात्राला सुव्यवस्था, तटस्थता किंवा अनागोंदी यांपैकी एक बाजू घ्यावी लागे. पुढे त्याला चांगले आणि वाईट यांचा दुसरा अक्ष जोडला गेला आणि नऊ घरांचा तो प्रसिद्ध तक्ता तयार झाला. मात्र त्या खेळात निवाडा करायला एक माणूस बसलेला असे. खेळाडूने कैद्याला सोडले ते दयेने की त्याच्या मागे जाऊन लपलेला खजिना शोधण्यासाठी, हे त्याला विचारता येत असे, चेहऱ्यावरून ओळखताही येत असे. संगणकाला हेतू कळत नाही, त्याला फक्त कृती कळते. तो निवाडा संगणकाकडे गेला तेव्हा त्या माणसाच्या जागी आकडा आला, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या अदलाबदलीत आहे.

संगणकावर हा प्रश्न सर्वांत गांभीर्याने घेणारा पहिला मोठा गेम म्हणजे रिचर्ड गॅरियट यांचा १९८५ मधला अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार. त्यात शेवटी मारायचा कुणी खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणे हेच उद्दिष्ट आहे. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी स्त्री सात प्रश्न विचारते आणि प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे करते. त्यातला एक असा : न मोजलेल्या मोहरांची थैली कुणाकडे पोहोचवण्याचे काम तुमच्यावर सोपवले आहे आणि वाटेत भिकारी भेटला. टाकलेला विश्वास राखून थैली जशीच्या तशी पोहोचवाल, की कुणाच्या लक्षात येणार नाही अशी एक मोहर त्याला द्याल? यात बरोबर उत्तर नाही. प्रामाणिकपणा मोठा की करुणा एवढेच तुम्ही सांगता, आणि त्यावरून तुमचे पात्र घडते. धर्मसंकट या शब्दाचा नेमका अर्थ इथे सापडतो : पेच दोन धर्मांमधला असतो, धर्म आणि अधर्म यांच्यातला नव्हे.

पण मला त्या गेममधली सर्वांत मोलाची जागा दुसरीच वाटते. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी दुकानदार आंधळी आहे. ती किंमत सांगते, आणि किती नाणी द्यायची हा आकडा तुम्ही स्वतः टाकता. कमी टाकला तरी माल मिळतो. घंटा वाजत नाही, लाल अक्षरे उमटत नाहीत, कुणी रागावत नाही. सुरुवातीला खिशात नाणी फार थोडी असतात आणि वनस्पतींवाचून पुढे निभाव लागत नाही, त्यामुळे मोह खरा असतो. बऱ्याच काळानंतर राजवाड्यात हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला आपल्या प्रामाणिकपणाविषयी विचारले की तो जे सांगतो त्याने मान खाली जाते. आत हिशेब ठेवलेला असतोच, पण आकडा खेळाडूला कधीही दाखवला जात नाही. पुढे आलेल्या कितीतरी गेमनी मोजणी उचलली आणि ती झाकून ठेवण्याची बुद्धी मात्र मागे सोडली.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा फॉलआउट ३ खेळतो. परवा त्याने त्यातले एक गाव अणुबॉम्बने उडवून दिले आणि मला मोठ्या उत्साहाने बोलावून दाखवले. एरवी तो अतिशय हळवा आहे. मी काळजी करावी का?

उत्तर : आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, ती तुम्हाला कडक वाटली तरी. हा गेम तेरा वर्षांच्या मुलासाठी नाही. अमेरिकेतल्या वर्गीकरणानुसार तो १७ वर्षांवरील आणि युरोपातल्या वर्गीकरणानुसार १८ वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे, आणि त्यातली हिंसा पाहता ते योग्यच आहे. तूर्त तो बाजूला ठेवावा आणि का ठेवतो आहोत हे मुलाला सांगावे.

आता त्या गावाविषयी. मेगाटन हे गाव न फुटलेल्या एका अणुबॉम्बभोवती वसलेले आहे. बॉम्ब निकामी केला तर गाव तुम्हाला घर आणि बक्षीस देते; फोडला तर एक परका गृहस्थ जास्त रक्कम आणि दूरच्या मनोऱ्यात आलिशान खोली देतो. स्फोट पाहण्यासाठी गेम तुम्हाला उंच सज्जात नेऊन उभे करतो आणि कळ तुमच्या हातात देतो. २००८ साली हे दृश्य पाहून मोठी माणसेही थक्क झाली होती. मुलाने तुम्हाला बोलावले ते बहुधा त्या दृश्याच्या भव्यतेपायी. गेमने त्याला आधी गावातल्या माणसांजवळ पुरेसे थांबू दिलेले नसेल, तर त्याच्या दृष्टीने तिथे कुणी राहतच नव्हते. हळव्या मुलाच्या हातून हे घडले यात मला विसंगती दिसत नाही. त्याला जे मोठे प्रकाशाचे फूल दिसले ते त्याला आईबरोबर वाटून घ्यावेसे वाटले.

मला चिंता वाटते ती त्याच गेममधल्या दुसऱ्या एका गोष्टीची. तिथे कर्म नावाचा आकडा आहे. चोरी केली की तो घटतो, दान केले की वाढतो. वस्त्यांच्या बाहेर तहानेने कळवळणारे भिकारी बसलेले असतात आणि त्यांना शुद्ध पाण्याची बाटली दिली की दर वेळी कर्म वर चढते. अख्खे गाव जाळलेल्या खेळाडूने पुरेशा बाटल्या वाटल्या की त्याचे खाते पुन्हा स्वच्छ होते. मेलेल्या गावाची भरपाई पाण्याच्या बाटल्यांनी होते, ही त्या बेरजेची शिकवण स्फोटापेक्षा कितीतरी वाईट आहे, आणि ती कुणाच्या नजरेतही भरत नाही.

त्याच गेममध्ये याचे उत्तरही आहे. नायक आपल्या हरवलेल्या वडिलांना शोधत असतो. ते भेटतात तेव्हा, गाव उडवले असेल तर, ते त्याचा विषय काढतात आणि आपली निराशा लपवत नाहीत. कर्माच्या आकड्याला जे जमत नाही ते त्या दोन-चार वाक्यांना जमते, कारण ती अशा माणसाने उच्चारलेली असतात ज्याचे मत आपल्याला मोलाचे वाटते. तुम्हीही तेच करा. त्या गावातल्या दुकानात कोण होते, दवाखान्यात कोण होते, बॉम्बजवळ प्रार्थना करणारी माणसे कोण होती, हे मुलाला विचारा. दरडावू नका, खरोखर उत्सुकतेने विचारा. त्याला सांगता आले नाही तर ते का सांगता येत नाही यावर बोलणे होईल, आणि ते बोलणे गेम बंद झाल्यानंतरही चालू राहील.

प्रश्न : बहुतेक गेममध्ये चांगले वागले की शेवटी फायदाच होतो. मग त्या चांगुलपणाला अर्थ काय?

उत्तर : तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि तो आकड्यांत दाखवता येतो. २००७ चा बायोशॉक हा मुळात नेमबाजीचा गेम असला तरी पात्र हळूहळू बलवान करण्याची त्याची रीत रोल-प्लेइंगची आहे. त्यासाठी लागणारे ॲडम नावाचे द्रव्य लहान मुलींच्या शरीरात असते. मुलीचा जीव घेतला तर १६० मात्रा मिळतात, तिला मुक्त केले तर ८०. ऐकायला हा भीषण पेच आहे. पण दर तीन मुली वाचवल्या की २०० मात्रांची भेट येते. एकूण मुली २१. सगळ्यांना मारले तर ३३६० मात्रा. सगळ्यांना वाचवले तर १६८० आणि भेटींच्या १४०० मिळून ३०८०. फरक अवघा २८०, आणि वाचवणाऱ्याला वर अशा काही शक्ती मिळतात ज्या मारणाऱ्याला मिळत नाहीत. पहिल्या तीन मुलींपर्यंत खेळाडू खरा त्याग करतो. चौथीपासून तो मुदतठेव ठेवतो आहे. भेटवस्तू काढून टाकल्या असत्या आणि वाचवणाऱ्याला शेवटपर्यंत दुबळेच राहू दिले असते, तर तो गेम अधिक अवघड झाला असता आणि त्याचा प्रश्न खरा राहिला असता.

प्रश्न : मी प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी गेम सेव्ह करतो, दोन्ही पर्याय करून पाहतो आणि मग आवडेल तो ठेवतो. माझा भाऊ याला फसवणूक म्हणतो. तुमचे मत काय?

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही, कारण यात दुसऱ्या कुणाचे काही जात नाही. पण यात एक गोष्ट तुमच्या हातून निसटते. निर्णय म्हणजे पुढे काय होणार हे माहीत नसताना टाकलेले पाऊल. दोन्ही निकाल पाहून झाल्यावर तुम्ही जे करता त्याला पसंती म्हणावे लागेल, आणि पसंतीची जबाबदारी मनावर बसत नाही.

रचनाकारांना ही सवय ठाऊक आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २००७ च्या पहिल्या विचरमध्ये त्यावर सरळ उपाय केला : परिणाम इतका लांबवला की मागे जाणे परवडूच नये. नदीकाठच्या मालाच्या पेट्या बंडखोरांना नेऊ दिल्या तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही. पुढच्या प्रकरणात, कित्येक तासांनंतर, तुम्हाला हवा असलेला एक माहितगार मेलेला आढळतो आणि त्याला मारणारी शस्त्रे कुठून आली ते उमगते. एव्हाना जुनी सेव्ह फाइल इतकी मागे गेलेली असते की आहे तेच घेऊन पुढे जावे लागते.

याहून खोलवर लागणारा उपाय २०१५ च्या अंडरटेलने केला. टोबी फॉक्स यांच्या या गेममध्ये सुरुवातीलाच टॉरिएल नावाची एक मायाळू पालनकर्ती भेटते, जी तुम्हाला बाहेरच्या धोकादायक जगात जाऊ देत नाही आणि दारात आडवी उभी राहते. इतर राक्षसांशी बोलून सुटका करून घेता येते, पण तिच्याशी बोलण्याचा काहीच उपयोग होत नाही असे वाटू लागते. मीही पहिल्या खेपेला असेच समजून चाललो. ती जरा दमली की बाजूला होईल अशा हिशेबाने वार करत राहिलो, आणि एका वाराने ती गेली. मला ते सहन होईना. मी गेम बंद केला, जुनी सेव्ह उघडली, आणि या वेळी पुन्हा पुन्हा ‘सोडून दे’ हाच पर्याय निवडत राहिलो. तिने शेवटी हात खाली घेतले, मला जवळ घेतले आणि वाट मोकळी केली. हलके वाटले. दाराबाहेर पडलो तर फ्लावी नावाचे ते फूल वाट पाहत होते, आणि त्याने मला सांगितले की तू काय केलेस ते मला माहीत आहे; तू तिला मारलेस, मग पस्तावून मागे गेलास. गेमच्या लेखी ती जिवंत होती, आकडे स्वच्छ होते, आणि तरीही घडलेली गोष्ट घडली होती. सेव्ह फाइल बदलली म्हणून माझ्या हाताने केलेले बदलले नव्हते, आणि ते माझ्याखेरीज आणखी कुणाला तरी माहीत होते.

तेव्हा भावाशी वाद घालण्यापेक्षा एक करून पाहा : एखादा गेम एकाच सेव्हवर, मागे न जाता पूर्ण करा. मधे चूक होईल, कुणीतरी साथीदार कायमचा दुरावेल. ते तसेच राहू द्या. नंतर हवे तर तुमच्या पद्धतीने पुन्हा खेळा. दोन्हींतला फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मिळून एक छोटा रोल-प्लेइंग गेम तयार करत आहोत. चांगल्या-वाईटाची बेरीज दाखवणारे मीटर नको हे पटले, पण मग परिणाम दाखवायचे कसे? आणि प्रत्येक निवडीला वेगळी कथा लिहायची तर आमचे काम कधी संपणार?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यानेच अनेक गेम अर्ध्यावर राहतात. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवले आणि प्रत्येक वाट वेगळी जपली तर शेवटी १०२४ वाटा होतात. तिघांचेच काय, तीनशे माणसांचेही ते काम नव्हे. कुणीही तसे करत नाही. वाटा फुटतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येतात. सोबत राहते ती फक्त आठवण. ‘गिरणीवाल्याला खोटे सांगितले’, ‘पूल जाळला’ अशा एकेका घटनेची नोंद ठेवायची आणि पुढे पाच-सहा ठिकाणी ती नोंद पाहून एखादे वाक्य, एखादे बंद दार, एखादा न आलेला माणूस बदलायचा. वाक्ये स्वस्त असतात. दहा प्रकरणांनंतर गिरणीवाल्याची मुलगी तुमच्या नायकाला ओळखते आणि नजर वळवते, एवढ्याने जे साधते ते दोन वेगळ्या शेवटांनी साधत नाही.

परिणाम दाखवायचे कसे याचेही उत्तर यात आले. एकूण पुण्य मोजू नका; कोण काय लक्षात ठेवतो ते मोजा. ड्रॅगन एज : ऑरिजिन्सने २००९ मध्ये चांगल्या-वाईटाची पट्टी काढूनच टाकली आणि प्रत्येक साथीदाराचे आपल्याविषयीचे मत तेवढे ठेवले. त्यामुळे एकाच कृतीने एक जण खूश होतो आणि दुसरा दुखावतो, आणि दोघांचीही कारणे असतात. २०१० च्या फॉलआउट : न्यू वेगसने एकेका गटाजवळची कीर्ती आणि अपकीर्ती वेगवेगळी मोजली. एखाद्या गावाला वाचवले आणि नंतर तिथे चोरी केली तर एकाने दुसरे पुसले जात नाही, दोन्ही उरतात, आणि गाव तुमच्याकडे संमिश्र नजरेने पाहते. पाण्याच्या बाटल्यांच्या हिशेबापेक्षा हा हिशेब माणसांच्या वागण्याला कितीतरी जवळचा आहे.

हेतूचा प्रश्न मात्र राहतोच, कारण तुमच्या यंत्रालाही फक्त कृतीच दिसणार. त्यासाठी १९९९ च्या प्लेनस्केप : टॉर्मेंटमधली एक साधी युक्ती जरूर उचला. तिथे कधी कधी तेच वाक्य दोनदा दिलेले असते. एकापुढे लिहिलेले असते की हे खरे बोलतो आहे, दुसऱ्यापुढे की हे खोटे आहे. समोरच्या पात्राला दोन्हींत एकच वाक्य ऐकू येते. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्याचे शब्द खरे होते आणि मन खोटे होते. ते मन नोंदवण्याची सोय या युक्तीने होते, आणि तिला खर्च काहीच नाही.

एका चुकीपासून सावध राहा, ती फार मोहक असते. ड्रॅगन एजमध्येच एका सरदाराच्या लहान मुलाला पिशाचाने पछाडले आहे. मुलाला मारायचे, की त्याच्या आईने स्वतःहून देऊ केलेला जीव घेऊन त्याला सोडवायचे, असा पेच आहे. खेळाडू हादरतो. मग कळते की दूरच्या मनोऱ्यातून जादूगारांना बोलावून आणले तर कुणालाच मरावे लागत नाही. जाण्या-येण्याच्या काळात पिशाच गावाचे काय करील या भीतीने काही खेळाडू ही वाट घेत नाहीत. प्रत्यक्षात मधल्या काळात काहीच होत नाही. तिसरी वाट ठेवायला हरकत नव्हती, पण तिची किंमत ठेवायला हवी होती. परत येईपर्यंत गावातली चार घरे जळालेली असती तर तिन्ही वाटा खऱ्या राहिल्या असत्या. तुमच्याही कथेत अशी वाट आपोआप तयार होईल, कारण लिहिणाऱ्याला आपल्या पात्रांची दया येते. ती आली की तिथे एक खर्च लिहून टाका.

गेम दाखवण्याजोगा झाला की दोन-चार जणांना खेळायला द्या आणि स्वतः मागे गप्प बसा. त्यांना काय आवडले हे लगेच विचारू नका. निवडीच्या जागी हात माउसवर किती वेळ थांबतो तेवढे पाहा. लगेच क्लिक झाले तर उत्तर आधीच दिसत होते, ती जागा पुन्हा लिहा. हात थांबला, त्यांनी वर जाऊन आधीचा संवाद पुन्हा वाचला, किंवा खुर्ची मागे सरकवून ‘थांब जरा’ म्हणाले, तर त्या जागेला हात लावू नका.